विश्लेषण : ऐन सामन्यात स्टेडियमचे दिवे का जातात? वीज यंत्रणेच्या नूतनीकरणात स्थानिक भागीदार कळीचे का?

कटकच्या बाराबती स्टेडियमवर फेब्रुवारी २०२५मध्ये भारत-इंग्लंड एकदिवसीय सामना एका मनोऱ्यावरील दिवे गेल्यामुळे अर्ध्या तासाहून अधिक काळ थांबला. त्याआधी रायपूरमध्ये थकीत वीजबिलामुळे आंतरराष्ट्रीय सामन्याचे प्रकाशझोत जनित्रावर चालवावे लागले होते. मुंबईत ‘आयपीएल’च्या एका सामन्यात वीजबिघाडामुळे ‘डीआरएस’ची सोयच उपलब्ध नव्हती. जगातील सर्वांत श्रीमंत क्रिकेट मंडळ असलेल्या देशात असे का होते? नवे दिवे बसवले की प्रश्न सुटतो का? आणि वीज वितरण कंपनी, विद्युत निरीक्षक, स्थानिक ठेकेदार यांची भूमिका यात किती महत्त्वाची असते, याचा आढावा.

कटकमध्ये नेमके काय घडले?

९ फेब्रुवारी २०२५ रोजी बाराबती स्टेडियमवर भारत ३०५ धावांच्या लक्ष्याचा पाठलाग करत होता. सातवे षटक सुरू असताना, भारताच्या बिनबाद ४८ धावा झालेल्या असताना, एका मनोऱ्यावरील दिवे लुकलुकू लागले आणि नंतर पूर्ण विझले. खेळाडू मैदानाबाहेर गेले. सुमारे ३५ मिनिटांनी खेळ पुन्हा सुरू झाला. रोहित शर्माने शतक झळकावले आणि भारताने सामना जिंकला, त्यामुळे क्रिकेटच्या दृष्टीने प्रकरण तिथेच मिटले. प्रशासकीय दृष्टीने मात्र ते मिटले नाही. ओडिशा सरकारच्या क्रीडा विभागाने राज्य क्रिकेट संघटनेला नोटीस बजावून १० दिवसांत खुलासा मागितला.

संघटनेने दिलेले स्पष्टीकरण बोलके होते. मनोऱ्याला वीज देणारे जनित्र बंद पडले. पर्यायी जनित्र उपलब्ध होते, पण मनोरा आणि ते जनित्र यांच्या मध्ये खेळाडूंचे वाहन उभे होते. ते हलवून पर्यायी जोडणी करण्यात वेळ गेला. म्हणजे यंत्र होते, इंधन होते, माणसेही होती. नव्हती ती एका यंत्रावरून दुसऱ्यावर आपोआप जाण्याची व्यवस्था आणि सामन्याच्या दिवशी कोणती जागा मोकळी ठेवायची याचा समन्वय.

खेळाच्या निकालावर परिणाम होतो का?

होऊ शकतो. १२ मे २०२२ रोजी वानखेडे स्टेडियमवर मुंबई इंडियन्स आणि चेन्नई सुपर किंग्ज यांच्यात सामना होता. वीजपुरवठ्यातील बिघाडामुळे सुरुवातीच्या काही चेंडूंसाठी ‘डीआरएस’ बंद होते. डेव्हन कॉन्वे आधीच्या सलग तीन डावांत अर्धशतके करून आला होता. दुसऱ्याच चेंडूवर तो पायचीत ठरला. चेंडू लेग स्टंपबाहेर जात असल्यासारखे दिसत होते, पण दाद मागण्याची सोय नव्हती. चेन्नईचा डाव ९७ धावांत आटोपला आणि सामना मुंबईने जिंकला. पंचांचा निर्णय तपासण्याचा अधिकार दोन्ही संघांना समान असतो, असे गृहीत धरून आजचे क्रिकेट खेळले जाते. तो अधिकार शेवटी एका वीजवाहिनीवर आणि एका पॅनेलवर अवलंबून असतो, हे त्या संध्याकाळी दिसले.

याहून गंभीर प्रश्न सुरक्षेचा आहे. ताशी १४० किलोमीटर वेगाने येणारा चेंडू अपुऱ्या किंवा एका बाजूने येणाऱ्या प्रकाशात खेळणे धोक्याचे असते. म्हणूनच चारपैकी एकच मनोरा विझला तरी पंच खेळ थांबवतात. आणि चाळीस-पन्नास हजार प्रेक्षक अरुंद जिन्यांवर असताना अंधार झाला, तर काय होऊ शकते हे सांगण्याची गरज नाही.

स्टेडियमचा वीजभार इतरांपेक्षा वेगळा कसा?

कारखाना किंवा रुग्णालय वर्षभर जवळपास सारखी वीज वापरते. स्टेडियमचे तसे नसते. वर्षातील बहुतेक दिवस कार्यालय, हिरवळीचे पंप, व्यायामशाळा आणि रखवालदाराचे दिवे एवढाच भार असतो. सामन्याच्या रात्री मात्र प्रकाशझोत, वातानुकूलित कक्ष, मोठे पडदे, खाद्यपदार्थांचे स्टॉल, ध्वनियंत्रणा, सीसीटीव्ही, प्रवेशद्वारांवरील तपासणी यंत्रे आणि प्रक्षेपणाच्या गाड्या एकाच वेळी सुरू होतात. हा भार अनेक पटींनी वाढतो आणि पाच-सहा तासांत पुन्हा खाली येतो.

साधे गणित पाहू. चार मनोऱ्यांवर प्रत्येकी १०० दिवे आणि प्रत्येक दिवा दोन किलोवॉटचा धरला, तर केवळ प्रकाशझोतांचा भार ८०० किलोवॉट होतो. पाच तास ते चालले तर ४,००० युनिट वीज लागते. वितरण कंपनीकडे मंजूर भार जितका जास्त, तितका मागणी आकार दर महिन्याला भरावा लागतो, मग त्या महिन्यात सामना असो वा नसो. त्यामुळे अनेक ठिकाणी मंजूर भार कमी ठेवून सामन्याच्या रात्री डिझेल जनित्रांवर दिवे चालवण्याची पद्धत रूढ झाली. खर्चाच्या दृष्टीने हे समजण्यासारखे आहे, पण त्यामुळे जे जनित्र आणीबाणीचे साधन असायला हवे तेच मुख्य स्रोत बनते.

दिवे एकदा गेले की लगेच का लागत नाहीत?

याचे उत्तर दिव्याच्या प्रकारात आहे. जुन्या स्टेडियममध्ये मेटल हॅलाइड दिवे असत आणि अजूनही काही ठिकाणी आहेत. या दिव्याच्या आतील नळीत वायू आणि धातूंच्या क्षारांची वाफ असते व त्यातून विद्युत ठिणगीचा प्रवाह चालतो. वीज क्षणभर जरी गेली, किंवा दाब एकदम खाली आला, तरी हा प्रवाह तुटतो. नळी तापलेली असताना आतला दाब इतका जास्त असतो की साध्या यंत्रणेने ती पुन्हा पेटत नाही. ती थंड व्हावी लागते आणि पेटल्यावर पूर्ण तेजाला यायला आणखी काही मिनिटे जातात. त्यामुळे वीज दहा सेकंदांत परत आली तरी सामना पंधरा-वीस मिनिटे थांबतो.

आपोआप सुरू होणारे डिझेल जनित्रही भार उचलायला साधारण दहा ते पंधरा सेकंद घेते. मेटल हॅलाइड दिव्यांसाठी ही दहा सेकंदेही फार झाली. म्हणून अशा ठिकाणी निम्मे दिवे वितरण कंपनीच्या विजेवर आणि निम्मे जनित्रावर, किंवा सर्वच दिवे आधीपासून चालू असलेल्या दोन जनित्रांवर अशी विभागणी केली जाते. एक स्रोत गेला तरी मैदान पूर्ण काळोखात जात नाही.

एलईडी दिव्यांमुळे काय बदलते?

एलईडी दिवा वीज परत येताच पूर्ण तेजाने लागतो. तेवढाच प्रकाश देण्यासाठी त्याला कमी वीज लागते. वरच्या उदाहरणात दोन किलोवॉटच्या जागी १.२ किलोवॉटचे दिवे बसवले तर भार ८०० वरून ४८० किलोवॉटवर येतो आणि पाच तासांचा वापर ४,००० वरून २,४०० युनिटवर. प्रकाश हवा तिकडे वळवता येत असल्याने शेजारच्या इमारतींच्या खिडक्यांवर जाणारा झोतही कमी होतो.

प्रक्षेपणासाठीही फरक पडतो. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असल्याने जुन्या दिव्यांचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्यांना ते कळत नाही, पण संथगती दृश्ये टिपणाऱ्या कॅमेऱ्यांना कळते आणि चित्र लुकलुकते. चांगल्या प्रतीचे ड्रायव्हर असलेल्या एलईडीत हा दोष जवळजवळ नाहीसा होतो. याच कारणांमुळे २०२३च्या एकदिवसीय विश्वचषकापूर्वी वानखेडेसह काही स्टेडियममध्ये नवे एलईडी प्रकाशझोत बसवण्यात आले.

मात्र एलईडीबरोबर नवे प्रश्नही येतात. त्याचे ड्रायव्हर हे इलेक्ट्रॉनिक उपकरण असल्याने विजेच्या लहरींत विकृती निर्माण होते, तारांच्या न्यूट्रलवर ताण येतो आणि वीज कडाडल्यावर येणारा जादा दाब ते सहन करू शकत नाही. जुन्या केबल आणि जुने पॅनेल तसेच ठेवून केवळ मनोऱ्यावरचे दिवे बदलले, तर वरची यंत्रणा नवी आणि खालची जुनी असा विजोड संसार उभा राहतो.

मग नूतनीकरणात नेमके काय बदलावे लागते?

सुरुवात भार मोजणीपासून होते. कोणत्या कक्षात, कोणत्या वेळी, किती वीज लागते याची नोंद घेऊन संपूर्ण यंत्रणेचा एकरेषीय आराखडा काढला जातो. अनेक जुन्या स्टेडियममध्ये असा अद्ययावत आराखडाच नसतो. दर स्पर्धेला कोणीतरी एक केबल वाढवलेली असते आणि ती कुठून कुठे जाते हे एखाद्या जुन्या वायरमनलाच ठाऊक असते.

त्यानंतर क्रम येतो तो ११, २२ किंवा ३३ केव्हीच्या येणाऱ्या वाहिन्यांचा. दोन वाहिन्या असाव्यात हे सर्वांना मान्य असते. पण त्या दोन्ही एकाच उपकेंद्रातून निघत असतील तर उपकेंद्र बंद पडताच दोन्ही जातात. त्या वेगवेगळ्या उपकेंद्रांतून, शक्य तर वेगळ्या रस्त्याने याव्या लागतात. पुढे रिंग मेन युनिट, किमान दोन रोहित्रे, कमी दाबाचे पॅनेल, आपोआप स्रोत बदलणारी यंत्रणा, ‘डीआरएस’, धावफलक, तिसऱ्या पंचांचा कक्ष आणि बाहेर पडण्याच्या मार्गांवरील दिवे यांच्यासाठी यूपीएस आणि शेवटी जनित्रे अशी साखळी असते. या साखळीतील कोणतीही एक कडी बंद पडली तरी सामना चालू राहिला पाहिजे, हा आराखड्याचा मूळ नियम.

‘सुपरडोम’च्या अंधाराने काय शिकवले?

३ फेब्रुवारी २०१३ रोजी अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये ‘सुपर बोल’ हा अमेरिकी फुटबॉलचा अंतिम सामना सुरू होता. उत्तरार्ध सुरू होताच बाल्टिमोर रेव्हन्सने २८-६ अशी आघाडी घेतली आणि लगेचच निम्म्या स्टेडियमचे दिवे गेले. खेळ ३४ मिनिटे थांबला. त्यानंतर सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनायनर्सने जोरदार मुसंडी मारली, पण अखेर रेव्हन्स ३४-३१ असे निसटते जिंकले.

या घटनेचे वैशिष्ट्य असे, की तेथे दुर्लक्ष झाले नव्हते. स्टेडियमला वीज आणणाऱ्या केबलच्या अवस्थेबद्दल आधीच शंका आली होती आणि सामन्यापूर्वी काही आठवडे त्या बदलण्यात आल्या होत्या. बिघाड झाला तो संरक्षणासाठी बसवलेल्या नव्या रिलेमुळे. नको तेव्हा त्याने वीज तोडली. ‘एंटर्जी’ या स्थानिक वीज कंपनीने दोष उपकरणाचा असल्याचे म्हटले, तर ‘एस अँड सी’ या उत्पादक कंपनीने त्यावर ठरवलेली मर्यादा प्रत्यक्ष भारापेक्षा कमी ठेवल्याचे सांगितले.

नवी यंत्रसामग्री आणि सुरक्षित यंत्रणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा यातील धडा. वितरण कंपनीच्या बाजूची रिले आणि स्टेडियमच्या बाजूची रिले यांची जुळणी एकत्र बसून, सामन्याच्या रात्रीचा खरा भार समोर ठेवून करावी लागते. उत्पादक, वीज कंपनी आणि स्टेडियम व्यवस्थापन यांपैकी प्रत्येकाने आपापले काम बरोबर केले तरी मधली जागा कोणाचीच नसेल, तर बिघाड तिथेच होतो.

स्थानिक भागीदार म्हणजे नेमके कोण?

पहिला भागीदार वीज वितरण कंपनी. दक्षिण मुंबईतील वानखेडे आणि ब्रेबॉर्न स्टेडियम ‘बेस्ट’च्या क्षेत्रात येतात, तर नवी मुंबईतील डी. वाय. पाटील, पुण्याजवळील गहुंजे आणि नागपूरजवळील जामठा ही स्टेडियम महावितरणच्या क्षेत्रात. वाहिनी कोणत्या उपकेंद्रातून येते, उन्हाळ्यात त्यावर किती ताण असतो, दुरुस्तीसाठी ती कधी बंद ठेवली जाणार आहे, ही माहिती फक्त त्यांच्याकडे असते.

दुसरा भागीदार राज्य सरकारचे विद्युत निरीक्षक. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३च्या सुरक्षा नियमावलीनुसार उच्चदाब यंत्रणेत वीज सोडण्यापूर्वी तपासणी आवश्यक असते. तिसरा भागीदार अग्निशमन दल. बेंगळूरुच्या चिन्नास्वामी स्टेडियमचा वीजपुरवठा २०२५च्या मध्यास अग्निसुरक्षेच्या पूर्ततेअभावी तोडण्यात आला, यावरून या विभागाचे महत्त्व लक्षात यावे.

चौथा भागीदार स्थानिक परवानाधारक विद्युत ठेकेदार. दिवे परदेशी बनावटीचे असू शकतात, पण खड्डे, केबल, अर्थिंग आणि देखभाल ही कामे जागेवरच्या माणसांना जमतात. वानखेडेला समुद्र हाकेच्या अंतरावर आहे, तिथे खाऱ्या हवेने नटबोल्ट आणि जोड गंजतात. विदर्भातील उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंगचा रोध वाढतो. पावसाळ्यात केबलच्या चरांत पाणी साचते. त्यामुळे पावसाळा संपणे आणि देशांतर्गत हंगाम सुरू होणे यांच्या मधल्या तोकड्या अवधीत काम बसवावे लागते. शिवाय रात्री नऊ वाजता ब्रेकर ट्रिप झाला, तर परदेशी कंपनीचा अभियंता विमानाने येईपर्यंत थांबता येत नाही. सुटे भाग आणि ते बसवणारा हात, दोन्ही त्याच शहरात असावे लागतात.

बिल कोण भरणार, हा प्रश्न किती मोठा?

१ डिसेंबर २०२३ रोजी रायपूरच्या शहीद वीर नारायण सिंह स्टेडियमवर भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात ट्वेन्टी-२० सामना झाला. त्या वेळी स्टेडियमचे ३.१६ कोटी रुपयांचे वीजबिल थकलेले होते आणि मूळ जोडणी पाच वर्षांपूर्वीच तोडण्यात आली होती. क्रिकेट संघटनेच्या विनंतीवरून तात्पुरती जोडणी देण्यात आली होती, पण ती प्रेक्षागृह आणि कक्षांपुरतीच होती. प्रकाशझोत जनित्रावर चालले. सामना पार पडला, भारत जिंकलाही.

थकबाकीचे मूळ तांत्रिक नव्हते. स्टेडियमची देखभाल सार्वजनिक बांधकाम विभागाकडे आणि इतर खर्च क्रीडा विभागाकडे अशी विभागणी होती, आणि बिल कोणी भरायचे यावर दोन्ही विभाग एकमेकांकडे बोट दाखवत राहिले. जिथे जमीन सरकारची, इमारत एका विभागाची, वापर संघटनेचा आणि उत्पन्न स्पर्धेच्या आयोजकांचे असते, तिथे यंत्रणेवर कोट्यवधी खर्च करण्यापूर्वी मासिक बिल, देखभाल आणि सुटे भाग यांची जबाबदारी लेखी ठरवणे हे नूतनीकरणाचेच काम मानावे लागेल.

जनित्र की ग्रिड?

डिझेल जनित्र एका लिटरमागे साधारण साडेतीन ते चार युनिट वीज देते. डिझेलचा दर ९० रुपये धरला तर केवळ इंधनाचा खर्च युनिटमागे २५ रुपयांच्या आसपास जातो. वरच्या उदाहरणातील ४,००० युनिटांसाठी सुमारे ११०० लिटर डिझेल लागेल, तर एलईडी बसवल्यावर २,४०० युनिटांसाठी पावणेसातशे लिटरच्या आसपास. शिवाय धूर आणि आवाज वस्तीतच राहतो. भार कमी झाल्यामुळे मंजूर भार वाढवून मुख्य वीज ग्रिडवरून घेणे आणि जनित्र खऱ्या अर्थाने राखीव ठेवणे हा पर्याय आता परवडू लागला आहे. पॅरिस ऑलिम्पिकच्या वेळी ‘एनेडिस’ या तेथील वितरण कंपनीला सोबत घेऊन स्पर्धास्थळे ग्रिडला जोडण्यावर आणि डिझेल जनित्रांचा वापर घटवण्यावर भर दिला गेला.

अर्थात ग्रिडही कोसळू शकते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई आणि परिसराची वीज एकाच वेळी गेली आणि लोकल गाड्याही थांबल्या. त्यामुळे दोन वाहिन्या असूनही जनित्राची गरज संपत नाही. चिन्नास्वामीच्या छतावर २०१५मध्ये सुमारे ४०० किलोवॉटची सौर यंत्रणा बसवण्यात आली. तिच्यावर रात्रीचा सामना खेळता येत नाही, पण दिवसा तयार झालेली वीज स्थानिक वितरण कंपनीच्या जाळ्यात जाऊन वर्षाच्या बिलाचा भार हलका होतो.

सामन्याआधी कोणत्या चाचण्या आवश्यक?

सर्वांत महत्त्वाची चाचणी सर्वांत कमी वेळा केली जाते. सर्व दिवे, कक्ष, पडदे आणि प्रक्षेपणाच्या गाड्या पूर्ण भाराने सुरू करून मुख्य वीज मुद्दाम तोडायची आणि घड्याळ लावून बघायचे. दिवे किती सेकंदांत परतले? ‘डीआरएस’ यूपीएसवर टिकले का? जिन्यांवरचे दिवे लागले का? मग एक जनित्र बंद करून हेच पुन्हा पाहायचे. दिवे न लावता, रिकाम्या भारावर घेतलेली चाचणी फारशी उपयोगाची नसते, कारण ब्रेकर आणि रिले भार आल्यावरच आपले खरे रूप दाखवतात. सामन्याच्या दिवशी वितरण कंपनीचा एक अभियंता स्टेडियममध्ये आणि एक उपकेंद्रात असावा, पॅनेल आणि जनित्रांकडे जाणारा रस्ता वाहनतळाच्या आराखड्यात मोकळा दाखवलेला असावा, एवढी साधी काळजीही कटकसारखा प्रसंग टाळू शकते.

भारतात पहिला प्रकाशझोतातील एकदिवसीय सामना सप्टेंबर १९८४मध्ये दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर झाला. तेव्हा रात्रीचे क्रिकेट अपूर्वाई होती, आता तो नियम आहे. २०३०च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा अहमदाबादला होणार असल्याने क्रिकेटखेरीज इतर खेळांच्या मैदानांनाही याच कसोटीतून जावे लागेल. नव्या प्रकाशझोतांचे उद्घाटन लगेच होते आणि छायाचित्रातही ते चांगले दिसतात. जमिनीखालची केबल, जुळवलेली रिले आणि वितरण कंपनीबरोबरचा देखभाल करार छायाचित्रात दिसत नाहीत. पण दिवे कधी जातील आणि गेले तर किती वेळात परततील, हे त्यांच्यावरच ठरते.